सहाशे बारावी ओळ

बाई,

तुमचं पंचांग अजून चालतंय. हे आधी सांगून टाकते, कारण तुम्ही पहिलं तेच विचारलं असतंत, आणि लगेच दुसरं, ओळी किती झाल्या? ओळी आता कुणी मोजत नाही. पुण्याचा एक मुलगा आणि बंगळूरच्या दोघी मुली यांनी तो अख्खा प्रोग्राम नव्या भाषेत उतरवलाय, इंटरनेटवर सगळ्यांसाठी उघडा ठेवलाय, आणि ज्यांचं तोंडही त्यांनी पाहिलेलं नाही अशी माणसं त्यात भर घालून पाठवतात. एकाने नेपाळातून पाठवलं, एकाने मॉरिशसहून. तुम्ही असतात तर प्रत्येकाला आधी 'संस्कृत कुणाकडे झालं?' हे विचारून घेतलं असतंत.

गेल्या आठवड्यात या मुलांचं पत्र आलं. नव्याने येणाऱ्यांसाठी एक पान हवंय, बाहेरच्या माणसाच्या कामाचं स्वागत कसं करावं यावर. 'तुम्ही आमच्यात सगळ्यात जुन्या, तेव्हा तुम्हीच लिहा,' असं त्यांनी मला कळवलं. मी उत्साहाने बसले. पहिलं वाक्य लिहिलं: कुणी काही करून पाठवलं तर आठ दिवसांच्या आत त्याला उत्तर द्यावं. दुसरं वाक्य होईना. एका माणसाने केलेलं काम मी चार महिने टेबलाच्या खणात ठेवलं होतं, आणि त्याबद्दल तुमची बोलणी मात्र त्याने खाल्ली. हे तुम्हाला माहीत नाही. तुम्ही गेलात तेव्हाही माहीत नव्हतं. म्हणून ते पान बाजूला सारून हे लिहायला घेतलंय.

तुमचं स्वयंपाकघर आठवतंय. सिल्व्हर पार्कातल्या त्या दुसऱ्या मजल्यावरच्या घरात जाड पिनांचा प्लग एकच, तोही ओट्याशेजारी. त्यामुळे तुमच्या भाच्याने अमेरिकेला जाताना मागे ठेवलेला कॉम्प्युटर शिवणयंत्राच्या टेबलावर, लोणच्याच्या बरण्यांना लागून बसला. नव्वदच्या आगेमागे गिरगावातून इकडे उपनगरात येणारे आम्ही सगळेच नळाला पाणी कधी येईल या चिंतेत होतो. तुम्ही पाण्याची बादली खाली लावून वर येऊन बेसिक नावाची कॉम्प्युटरची भाषा शिकत होतात. शाळेतून निवृत्त झालेली संस्कृतची बाई, वय वर्षं एकसष्ट, आणि महिन्याभरात ते पातळ पुस्तक संपवून मला म्हणालात, "ही भाषा बरी आहे गं. फाजील बोलत नाही." मी तेव्हा केबिन रोडवरच्या एका कॉम्प्युटर क्लासमध्ये शिकवत होते. तुमच्यामुळे संस्कृत घेऊन बी.ए. झाल्यावर नोकरीचे सगळे दरवाजे व्यवस्थित बंद झाले होते, तेव्हा कोर्स करून हे पोट भरायचं साधन मिळवलेलं. शनिवारी दुपारी क्लास सुटला की तुमच्याकडे. तुम्ही गणित सांगायचं, मी टाइप करायचं, तुम्ही मागे उभं राहून चुका काढायच्या. म्हणजे इयत्ता आठवीचाच तास, फक्त फळ्याला वीज लागत होती.

दीड-दोन वर्षांत पंचांग उभं राहिलं. तारीख घातली की तिथी, वार, नक्षत्र, योग, करण. रोमन अक्षरांत एकादशी वाचायची पाळी आली म्हणून तुम्ही कुरकुरलात, पण वर्षाचं पंचांग छापून निघालं तेव्हा ते लांबलचक कागद स्वतः फाडून, टाचून, बिल्डिंगच्या नोटीसबोर्डावर लावायला गेलात. हळूहळू बातमी पसरली. सोसायटीच्या सेक्रेटरींना हवं, देवळातल्या गुरुजींना हवं, क्लासमधल्या पोरांना हवं. तुम्ही सगळ्यांना एकच सांगत होतात, "कोरी फ्लॉपी आण आणि घेऊन जा." आतला प्रोग्रामसुद्धा उघडाच दिलात. कुणी विचारलं की अहो, लपवून ठेवा, लोक चोरतील, तर म्हणायचात, "चोरून काय करतील? तिथीच काढतील ना?"

देण्याच्या बाबतीत तुमचा हात मोकळा होता. घ्यायची वेळ आली की तोच हात मागे जायचा. सगळं जग त्या भाषेत ओळींना दहा, वीस, तीस असे आकडे देतं, म्हणजे नंतर काही सुचलं तर मधे घालायला नऊ जागा राहतात. तुम्ही एक, दोन, तीन दिलेत. मी म्हटलं, बाई, अशाने मधे ओळ घालायला जागाच राहणार नाही. "म्हणूनच," तुम्ही म्हणालात. "जागा ठेवली की लोक बसतात." महाकाव्यांचं काय झालं ते बघ, ज्याला जे सुचलं ते त्याने घुसडलं, मग विद्वानांच्या तीन पिढ्या मूळ कुठलं नि प्रक्षिप्त कुठलं हे निवडत बसल्या. वेद टिकले ते अक्षरं मोजून ठेवली म्हणून. तेव्हा पंचांगाच्या सहाशे बारा ओळी, शेवटची ओळ END, आणि दिलेली कुठलीही फ्लॉपी परत आली की तुम्ही आधी ओळी मोजणार. समोरच्या गुजराती काकू दारात उभ्या राहून म्हणाल्या, "टीचर, इसमें हमारा बेसतु वरस किधर है?" तर तुम्ही, "दिवाळी का पाडवा देखो, वही है." "वो तो मालूम है. पर लिखा नहीं है ना!" काकूंचा मुद्दा बिनतोड होता. तुम्ही त्यांना वाटीभर लाडूचा चुरा दिलात आणि दार लावलंत.

माझं स्थान या सगळ्यात काय, तर मला हात लावायची परवानगी होती. चारशे सातव्या ओळीतली एक चूक मी शोधली, अमावास्येच्या काठावर तिथी एक दिवस पुढे जायची ती, तुम्ही ती दोन महिने तपासलीत आणि मग म्हणालात, "ठीक आहे." त्या 'ठीक आहे'वर मी पाच वर्षं जगले. कुणाला काही सुचवायचं असेल तर त्याने आधी मला दाखवायचं, मग मी तुम्हाला. हा नियम तुम्ही केला नव्हतात. तो आपोआप झाला आणि मी होऊ दिला.

अशात तो क्लासला आला. तुम्ही त्याला पुढे ओळखत होतात, पण आधीचा तुम्हाला माहीत नाही. चाळिशीचा, खाडीकाठच्या मोरवा गावचा, मिठागराच्या कचेरीत हजेरी लिहिणारा. आठवड्यातून दोन संध्याकाळी स्टेशनचा पूल ओलांडून यायचा, सगळ्यात मागे बसायचा, आणि त्याच्या निम्म्या वयाच्या मुलांना 'भाऊ, जरा सरक' म्हणायचा. बोटं जाड, एका वेळी दोन बटणं दाबली जायची. मी त्याला मनातल्या मनात नापास करून टाकलं होतं. तुमचं पंचांग त्याला क्लासमध्येच मिळालं. दोन महिन्यांनी, ज्येष्ठात, त्याने रुमालात गुंडाळलेली एक फ्लॉपी माझ्यापुढे ठेवली.

"मॅडम, यो बाईंना द्याल? खाडीच्या पान्याचा लिवलाय."

खाडीच्या पाण्याचं म्हणजे काय, ते त्याने सांगितलं. भरती-ओहोटी तिथीवर चालते, तिथी तुमचं पंचांग काढतंच. पण छापील तक्ते मिळतात ते मुंबई बंदराचे, आणि आपल्या खाडीत पाणी मागाहून चढतं. किती मागाहून, ते कुठेच लिहिलेलं नाही. त्याच्या वडिलांनी मात्र लिहिलं होतं. मिठागरात पाणी आत घ्यायच्या दाराशी आयुष्य गेलेला माणूस, शाळा चौथी. एका वहीत तिथी आणि पाणी खुंटाला लागल्याची वेळ, वर्षानुवर्षं. त्या वहीवरून याने हिशेब बसवला होता.

"बापूस थकलाय आता," तो म्हणाला. "त्याला छापलेला कागद दावायचा हाय. बाईंच्या पंचांगान आला म्हंजे खरा, असा बोलतो तो."

मी म्हटलं, ठेवा, बघते. घरी नेऊन बघितलंही, बाई. चूक शोधायला बसले होते. ओळी वेड्यावाकड्या, जिथे तिथे उड्या, नावं काय तर ओहोटीला VATI, एकाला BAPUS. हसले. मग त्याने फ्लॉपीतच उतरवून दिलेल्या वहीतल्या वेळा घालून पाहिल्या, पुन्हा पाहिल्या, तीन रविवार पाहिल्या. चूक नव्हती. असती तर मी दुसऱ्याच दिवशी तुमच्याकडे धावत आले असते, 'बघा लोक काय काय आणतात' म्हणून. नव्हती, म्हणून ती फ्लॉपी क्लासमधल्या टेबलाच्या खणात गेली. मला पाच वर्षांत एक ओळ सुधारायला मिळाली होती आणि हा मागच्या बाकावरचा माणूस एकदम साठ ओळी घेऊन आत शिरणार होता. आषाढात त्याने विचारलं, मी म्हटलं, बाई बघतायत. श्रावणात विचारलं, मी म्हटलं, बाईंना वेळ लागतो, घाई केलेली त्यांना आवडत नाही. दोन्ही वाक्यं तुमच्या स्वभावाला इतकी शोभणारी होती की खोटं बोलतेय असं मला वाटलंही नाही. भाद्रपदात तो तीन आठवडे आलाच नाही. नंतर आला तो डोक्यावर टोपी घालून, आणि फ्लॉपीबद्दल काही विचारलं नाही. मीही टोपीबद्दल विचारलं नाही. केस काढलेत हे मला दिसलं होतं.

दसरा झाल्यावर एकदा क्लास सुटताना तो म्हणाला, "बाईंची बिल्डिंग कंची, मॅडम? मीच जातो." तेव्हा मात्र माझी धावपळ झाली. मी म्हटलं, शनिवारी मी घेऊन जाते ना तुम्हाला. खणातली फ्लॉपी काढून त्याच्या हातात दिली. त्याने ती पाहिली. त्याचाच रुमाल, मी पुन्हा तशीच बांधलेली गाठ. तशीच पिशवीत घातली.

पुढचं तुम्हाला ठाऊक आहे, पण माझ्या बाजूने ऐका. तुम्ही त्याला ओट्यासमोरच्या स्टुलावर बसवलंत आणि आधी पंचांग शब्दाची फोड करून दाखवलीत. अंगं पाच. सहावं कुठून आणलंस? तो म्हणाला, "अंग न्हाय बाई, पाय समजा. खाडीन उभं राहायला." मला वाटलं, आता हा गेला. पण तुम्ही हसलात. मग म्हणालात, ते असू दे, मधे किती ओळी घुसवल्यास? "एक पन न्हाय," तो म्हणाला. "तुमच्या मोजल्या, सहाशे बारा. मंग हजारापासून लिवला. तुमच्या आंगनान पाय ठेवला न्हाय. फकस्त शेवटची ओळ बदलाय लागंल." तुम्ही चष्मा पुसलात. मी पाच वर्षं तुमच्याशी मधल्या जागेवरून भांडत होते. संपल्यानंतर जागा असते हे मला सुचलं नव्हतं.

"आणि हे खरं कशावरून?" तुम्ही विचारलंत.

"उद्या तीन वाजून वीस मिन्टांनी पानी खुंटाला लागंल. या बघाय."

तुमच्या जागी दुसरं कुणी असतं तर बघू, सवडीने पाहू म्हणालं असतं. तुम्ही दुसऱ्या दिवशी, रविवारी, ऑक्टोबरच्या उन्हात, मला घेऊन रिक्षाने निघालात. फुलाफुलांची छत्री, पायात शाळेतल्याच चपला. मिठागराच्या बांधावर तुम्ही उभ्या आहात, साडीचा काठ चिखलाला लागू नये म्हणून वर धरलाय, आणि पाण्यातल्या त्या काळ्या खुंटाकडे पेपर तपासताना बघायचात तसं बघताय. आगरातली दोन माणसं काम सोडून येऊन उभी राहिली. एकाने त्याला हळूच विचारलं, "ही कोन रं? कलेक्टरीन हाय का?" तो म्हणाला, "त्याच्या वरची." पाणी खुंटाला लागलं. तुम्ही घड्याळ पाहिलंत आणि विजयी मुद्रेने म्हणालात, "तीन पंचवीस! पाच मिनिटं चूक आहे."

"बाई, तुमचं घड्याळ पुढं असंल."

होतंच. शाळेत कधी उशीर होऊ नये म्हणून तुम्ही ते आयुष्यभर पाच मिनिटं पुढे ठेवलेलं, आणि ही गोष्ट तुम्ही सोडून आम्हा सगळ्या विद्यार्थिनींना पाठ होती. माझ्या घड्याळात तीन वीस झाले होते. ते मी तुम्हाला दाखवलं, एवढं एक चांगलं काम मी त्या चार महिन्यांत केलं.

घरी परत आल्यावर तुम्ही हातपाय धुतलेत, कॉम्प्युटर लावलात, मला उठवून स्वतः बसलात. सहाशे बारावी ओळ काढलीत. END होतं तिथे GOTO 1000 लिहिलंत, एकेक अक्षर शोधून. मग वळून मला म्हणालात, "ही भाषा पासष्ट हजारापर्यंत ओळी घेते ना? म्हणजे हजारा-हजाराची पासष्ट परिशिष्टं. चौसष्ट कलांना पुरून एक राखीव राहील. सहाशे बारापर्यंत माझं, पुढचं लोकांचं. कुठलंही परिशिष्ट पुसलं तरी मूळ हलता कामा नये, आणि ज्याचं त्याने आपलं नाव घालायचं, म्हणजे चुकलं तर कुणाला धरायचं ते कळेल." हे तुम्ही इतक्या सहज ठरवलंत की जणू पाच वर्षं तेच म्हणत होतात. आज ही मुलं ज्याला प्लगइन म्हणतात आणि त्यावर लांबलचक चर्चा करतात, ते हेच, आणि ते तुमच्या ओट्याशेजारी कुकरच्या दोन शिट्ट्यांमध्ये झालं. मी मुलांना हे सांगितलं, तर ती म्हणाली, कसं गोड! तुम्हाला हा शब्द आवडला नसता.

मग तुम्ही हजारावी ओळ सुरू केलीत. "कर्ता कोण लिहू? तुझं नाव सांग."

त्याने वडिलांचं नाव सांगितलं. तुम्ही टाइप करायला लागलात आणि तो म्हणाला, "पुढं कै. लावा, बाई."

तुमची बोटं थांबली. "कधी गेले?"

"भादव्यान."

"आणि हे तू लिहून कधी संपवलंस?"

"जेठात."

मी गॅससमोर होते, चहा गाळत. तुम्ही त्याच्याकडे पूर्ण वळलात, आणि वर्गात गृहपाठ न आणलेल्याला बोलायचात त्या आवाजात बोललात. वडील थकलेत हे दिसत होतं ना? मग चार महिने काय करत होतास? मी काय लांब राहते? एक कागद त्यांच्या हातात पडला असता. असली कामं अंगावर काढायची नसतात. बोलताना तुमचा आवाज चिरकला, कारण तुम्हाला खरंच वाईट वाटलं होतं. तो स्टुलावर गुडघ्यांवर हात ठेवून बसला होता. माझ्याकडे त्याने एकदाही पाहिलं नाही. नुसतं बघितलं असतं तरी तुम्हाला सगळं कळलं असतं.

"चुकलंच, बाई," तो म्हणाला.

मी चहात साखर घातली. नंतर लक्षात आलं की आधीही घातली होती. तो घोटभर प्यायला आणि म्हणाला, "झकास झालाय, मॅडम."

जिना उतरताना मी त्याला विचारलं, "तुम्ही बाईंना सांगितलं का नाहीत?" रागावून विचारलं, हे विशेष. जणू न सांगून त्यानेच माझा काही अपराध केला होता. तो दोन पायऱ्या खाली होता. म्हणाला, "माना आज आत यायचा होता, मॅडम. भांडाय आयलू न्हवतू." आणि रिक्षा बघायला पुढे गेला.

त्या दिवसापासून तुम्ही नियम केलात की कुणी काही करून आणलं तर ते त्याच दिवशी, त्याला समोर बसवून वाचायचं. कारण विचारलं तर म्हणायचात, "लोक आळशी असतात गं. त्या मोरव्याच्याने बघ, चार महिने घालवले. आला की धरावा." नियम उत्तम होता, आणि तो ज्या घटनेवरून काढलात ती घडलीच नव्हती. मी दर वेळी मान हलवली. परिशिष्टं होत गेली. गुजराती काकूंच्या मुलाने बेसतु वरसाचं केलं, कुर्ल्याहून नुकत्याच राहायला आलेल्या एका युनानी हकिमांनी त्यांच्या चांद्रमासांचं केलं आणि चंद्रदर्शनावरून तुमच्याशी दोन शनिवार वाद घातला. तुम्ही हरलात आणि खूश झालात. तो मोरव्याचा दर वर्षी मिठाचा हंगाम सुरू व्हायच्या आधी येऊन आपल्या वेळा तपासून जायचा, तुमच्यासाठी पिशवीभर जाडं मीठ आणायचा. तुम्ही गेलात तेव्हाही आला, शेवटपर्यंत थांबला. मला म्हणाला, "मॅडम, मशीन आता तुमी सांभाळा." मी सांभाळलं. सहाशे बारा ओळींतली एकही हलू दिली नाही, आणि आलेलं काम एक दिवसही ठेवून घेतलं नाही. लोक माझं त्यासाठी कौतुक करतात.

मिठागर बंद होऊन बरीच वर्षं झाली. तो निवृत्त झालाय, मोरव्यातच राहतो, दर दिवाळीला मला फोनवर फराळाचं चित्र पाठवतो आणि मी त्याला उलट पणतीचं पाठवते. रिक्षाने वीस मिनिटांचं अंतर आहे. माफी मागायची ती त्याची, हे कळायला तुमच्याकडे चार वर्षं संस्कृत शिकायची गरज नव्हती. तरी कागद तुमच्या नावाने काढला, बाई, कारण तुम्ही उत्तर देणार नाही. तो देईल. 'जाऊ द्या, मॅडम' असंच देईल, आणि ते ऐकायची मला भीती वाटते.